वळणावरचा कोहळा

एकोजी सर्वांत पुढे असताना तंजावरला राजवाड्याच्या वळणावर कोहळ्याच्या फोडींवरून त्याची सायकल घसरली. शिट्ट्या जागच्या जागी थांबल्या. शर्यत जिंकणाऱ्याला मद्रासची एक कंपनी आपल्या पगारी संघात घेणार होती. “हे कुंभकोणवाल्यांचंच काम,” कुणीतरी ओरडलं, आणि गर्दीने तिथल्या स्पर्धकाला पाठिंबा द्यायला आलेल्या एका झेंडेवाल्याची कॉलर धरली. “अय्यो, मी आत्ताच बसमधून उतरलो, सार,” तो काकुळतीला आला. पहिली थप्पड बसली. कडेला उभ्या असलेल्या एकोजीच्या आईने कुंकवाने लाल झालेले हात पदराआड नेले. एकोजी खरचटलेल्या गुडघ्यांनिशी उठला, सायकलवर बसला. मागचे अजून लांब होते. दुसऱ्या थपडेला झेंडेवाल्याचा चष्मा रस्त्यावर पडला. “सोडा त्याला,” आई म्हणाली. “लेकाची दृष्ट काढून कुंकू भरलेला तो कोहळा मीच इथं फोडला.” एकोजीने वळून तिच्याकडे पाहिलं. पेडलवरचा पाय हलेना. मागचे सगळे त्याच्या शेजारून निघून गेले.