कोरडे स्केट्स

आइस हॉकी खेळून आली की ऋजुता ओले स्केट्स तसेच बॅगेत कोंबायची. तिचे बाबा दिगंबरराव दर वेळी चिडायचे, "पाती गंजतील, बूट कुबट होतील. बॅगेत अळंबी पिकवायची आहेत का?"

अपघातात ती गेली, तेव्हापासून बॅग दाराआड तशीच होती. आज सुनीती दगडूशेठला गेल्यावर त्यांनी ती उघडली. पाती कोरड्या फडक्याने पुसली. बूट आतून साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून पंख्याखाली सुकवले.

"बघ, आता जरासुद्धा वास नाही," सुनीती परतल्यावर ते म्हणाले.

तिने बूट उचलून नाकाशी धरला.



"अहो, दुपारी तुमचा डोळा लागला की मी त्या वासासाठीच बॅग उघडत होते."