धार पाहताना

खिशात मावेल अशी सुरी पाहिजे, असं कुशल म्हणाला. इतवारी बाजारातल्या सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात मालकीण चंद्रकलाबाईंनी काउंटरवर पेपर अंथरला आणि दोन सुऱ्या काढून ठेवल्या.

"कायले पाहिजे गा?"

"बकऱ्याचं कातडं काढाले. घरी कार्यक्रम आहे."

"घरच्या बकऱ्याले खिशातली सुरी काहून लागते?"

कुशलचे कान तापले. आज भिवापूरकडच्या जंगलात चोरून चितळ पाडायचं होतं आणि कातडं तिथंच उतरवून निघायचं होतं. मित्र सौरव बाहेर जीपमध्ये थांबला होता. कुशलनं मान खाली घातली.

बाईंनी पुढे खोदलं नाही. "धार पाहून घे," एवढंच म्हणाल्या.

सगळे पाहतात तशीच त्यानं पाहिली. बाही वर केली, हाताला थोडं पाणी लावलं आणि केसांवरून पातं फिरवलं. पेपरवर केस पडले. ते जाडेभरडे आणि तांबूस होते. त्याच्या हातावरचे केस तर काळे होते.

त्यानं दुसरी सुरी उचलून दुसरा हात पुढे केला. या वेळी तांबूस केसांत काही पांढरेही पडले.

बाईंनी पेपरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एखाद्याचं उघडं पडलेलं अंग झाकावं तसा त्यांनी पेपर दुमडला.

"हा बकरा नाही गा," त्या हळूच म्हणाल्या.

शरमेनं कुशलला मान वर करवेना. बाहेर सौरवनं जीपचा हॉर्न वाजवला. कुशलची मान हलली नाही.

त्याचे दोन्ही कान मात्र आवाजाकडे वळले.