जुळीची कातडी

डॉक्टर वच्छलाच्या छातीवरची पट्टी सोडत होते आणि दाराला टेकून उभी असलेली गोजरा मनातल्या मनात म्हणत होती, ही कातडी धरू नको देऊ, देवा.

कातडी गोजराचीच होती. स्टोव्हच्या भडक्यात वच्छला छातीपासून पोटापर्यंत होरपळली. मंगरूळपीरहून तिला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "हिच्याच अंगावरची काढायची तर आणखी जखम हिला सोसणार नाही. दुसऱ्या कोणाची कातडी अंग टाकून देतं. हुबेहूब जुळ्या बहिणीची मात्र धरेल." आई तुळसाबाईने गोजरापुढे पदर पसरला. गोजराने एका मांडीची कातडी दिली. नाही कसं म्हणणार?

पण हेवा काही गेला नव्हता. वच्छलाचा नवरा शेषराव मुळात बघायला आला होता तो गोजराला. नेमकी ती तापाने फणफणली होती, म्हणून आईने पाटावर वच्छलाला बसवलं. तोंडं सारखीच! कारकुनाचं घर, छताला पंखा, रविवारचा सिनेमा, सगळं वच्छलाला मिळालं. गोजराचं पुढे कुठे जमलंच नाही. ती माहेरीच वांग्याच्या वाफ्यात राबत राहिली.

डॉक्टरांनी नव्या कातडीवर बोट दाबलं. तेवढी जागा पांढरी पडली. बोट उचललं, तशी ती हळूहळू गुलाबी झाली.

"जगली!" डॉक्टर हसले. "जखमेतून काही प्रथिनं पाझरत असावीत. नेमकी कोणती, ते अजून शोधताहेत. पण त्यांच्या ओढीने रक्तवाहिन्यांच्या पेशी सरकत सरकत या कातडीत शिरतात, नव्या बारीक वाहिन्या फुटतात. आता हिच्यात वच्छलाबाईंचं रक्त खेळतंय. पोटाचं राहिलंय. त्याला अजून कातडी लागेल."

 गोजरा व्हरांड्यात आली. तिथे वच्छलाची सासू केशरबाई शेषरावला घेऊन बसली होती. तिने गोजराचा हात धरला.

"वाचली तरी ते आता संसाराच्या कामाची नाही, पोरी. तूच ये आमच्या घरी. तोंड तर तेच हाये."

हेच ऐकायला गोजराचे कान आसुसले होते. तिने शेषरावकडे पाहिलं. "तुमी काय म्हन्ता?"

शेषराव चपलेकडे बघत पुटपुटला, "माय म्हन्ते तसं."

आतून वच्छलाचा क्षीण आवाज आला, "गोजरे, ते आले का वं?"

गोजराने हात सोडवून घेतला. एवढी वर्षं ती या माणसापायी जळत होती! ती लंगडत आत गेली आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"साहेब, माही दुसरी मांडी हाये ना. घ्या."