रबराचं बूच

कपाशीवर बोंडअळी आली त्या साली वलगावात औषध फवारणारे चक्कर येऊन पडू लागले, तेव्हा रसायनशास्त्र शिकणाऱ्या माहेनूरनं चाचांच्या कीटकनाशकांच्या दुकानातलं ते औषध घरी मांडलेल्या छोट्या प्रयोगशाळेत तपासायला आणलं. औषधाचे नमुने साठवायला कोणतं बूच टिकतं हे तिनं रात्री बाटल्यांना कॉर्क, सिलिकॉन, रबर लावून पाहिलं. सकाळी रबराचं बूच सडक्या मांसासारखं लिबलिबीत झालं होतं. ते चिमट्यात धरून ती तडक दुकानात गेली. चाचा केशवराव या शेतकऱ्याला औषधाच्या खरेदीवर रबरी हातमोजे फुकट देत होते. "चाचा, हातमोजे याच रबराचे ना?" "बूच बदल तुयं. गिऱ्हाइकासमोर तमाशा काहून करून राहिली? काही नाही होत त्यानं!" तिनं बूच त्यांच्या तळहातावर ठेवलं. "या अल्ला!" चाचा किंचाळले आणि मोरीवर जाऊन साबणानं हात घासू लागले. तिला बुचापेक्षा त्यांचीच किळस आली. केशवरावांनी पिशवीतले हातमोजे गल्ल्यावर ठेवले आणि औषध परत दिलं.