बाजूचं कुणीतरी

"सुई उचल," क्लिओफस म्हणाले. "हा माणूस मी नाही."

क्वेंटिनने सुई उचलली. तबकडी नुसतीच फिरत राहिली. लेकीला कडेवर घेऊन रेनिटा दारात उभी होती. वडील आता स्वतःचा आवाजही ओळखेनात.

"तुम्हीच आहात, सर. तरुणपणीचे."

"माझं तरुणपण मला चांगलं आठवतंय. आरशासमोरून हलवत नव्हतं, इतका देखणा होतो. हा कुणीतरी वेडा आहे. भिंतीशी बोलतोय."

क्वेंटिन हसला. रेनिटा हसली नाही.

क्लिओफसनी बेस आणि कोंगा ढोलाच्या तालावर बोललेल्या कवितांची ती रेकॉर्ड एके काळी डेट्रॉइटच्या या भागात घरोघरी वाजायची. पुढे ती मिळेनाशी झाली. क्वेंटिन ती पुन्हा काढणार होता. त्याने मूळ टेप शोधली होती, नव्या मशीनवर स्वच्छ करून घेतली होती आणि नमुन्याची पहिली तबकडी घेऊन आला होता. क्लिओफस हो म्हणाले की कारखान्यात बाकीच्या निघायच्या.

रेनिटाची आई ओडेसा हिवाळ्यात गेली. तेव्हापासून रेनिटा इथेच राहत होती आणि वडिलांवर नजर ठेवून होती. गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का. त्यात काही चुकलेलं सापडलं नाही. सापडलं ते बोलण्यात. सकाळी ग्रिट्सची, मक्याच्या लापशीची, वाटी पुढ्यात घेऊन ते सुरू करायचे, "आपली गाडी एकदा बेल आइलच्या पुलावर बंद पडली. बाहेर हा एवढा बर्फ..." आणि थांबायचे. शेगडीकडे बघायचे. मध्ये बोललं तर उरलासुरला धागाही तुटेल, म्हणून रेनिटा श्वास रोखून गप्प राहायची. थोड्या वेळाने ते चमचा उचलायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पूल, तोच बर्फ, आणि त्याच जागी गप्प.

सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं. लेकीला आजोबांकडे ठेवायचं, असं आई असतानाच ठरलं होतं. आता ते कसं जमणार? तिने गुपचूप एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. एक खोली रिकामी होती. हवी की नको, हे आज संध्याकाळपर्यंत फोन करून सांगायचं होतं. क्लिओफसना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"रेनिटा, कपाटातली जुनी आण."

"ती सगळी खरवडलीय, डॅडी."

"मीही खरवडलोय. आण."

जुन्या तबकडीवर आधी तळल्यासारखी चरचर झाली. मग तोच बेस, तोच कोंगा, तोच आवाज. "माझी आई पहाटेच्या बसने जायची..."

"हं," रेकॉर्डमध्ये मागून एक बाई म्हणाली.

"दुसऱ्यांच्या फरशा पुसायला..."

"सांग त्यांना."

"आणि आमची फरशी..."

"बोल, क्लिओ, बोल."

रेनिटाने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. तो आईचा आवाज होता. ही रेकॉर्ड ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण घरात आई असताना रेकॉर्डमधल्या आईकडे कोण लक्ष देतं?

क्वेंटिन चुळबुळला. "ते आम्ही काढलं, सर. हल्ली सगळे आवाज वेगळे करता येतात. तुमच्या माइकमध्ये बाजूचं कुणीतरी शिरलं होतं."

"बाजूचं कुणीतरी," क्लिओफस म्हणाले. त्यांनी तबकडी थांबवली. "चर्चला जातोस का रे?"

"आजीबरोबर जायचो."

"तिथे पाद्री एकटाच बोलतो?"

"छे. माझी आजी 'हं', 'बोल, बोल' करत त्याला एक वाक्य धड पुरं करू द्यायची नाही."

"उलट सांगतोयस. तिच्यामुळे पुरं व्हायचं. समोरचे सगळे तोंडं मिटून बसले, तर तो बिचारा बायबल काखेत मारून घरी जाईल. मला रेकॉर्डिंगच्या दिवशी पुढची ओळ सुचत होती ती कशामुळे, असं वाटतं तुला? बेसमुळे?"

क्वेंटिन मान खाली घालून नमुन्याची तबकडी पाकिटात सरकवत होता. "तो आवाज परत घालतो, सर. सगळं जसंच्या तसं."

"घाल. आणि आजीला सांगू नकोस काय केलंस ते. चपलेने मारेल."

तो गेला. रेनिटाने लेकीला खाली सोडलं आणि शेगडीवरची पालेभाजी हलवली. बाहेर उन्हं उतरत होती. तिने फोन हातात घेतला, वृद्धाश्रमाचा नंबर काढला. मागे क्लिओफस खुर्ची ओढून टेबलाशी बसले.

"आपली गाडी एकदा बेल आइलच्या पुलावर बंद पडली," ते म्हणाले. "बाहेर हा एवढा बर्फ..."

ते थांबले. शेगडीकडे बघत राहिले.

शेगडीपाशी आई नेहमी जिथे उभी असायची, तिथेच आपण उभ्या आहोत, हे रेनिटाच्या आता लक्षात आलं. तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"हं," ती म्हणाली. "मग?"

क्लिओफसनी चटकन वर बघितलं.

"मग काय," ते म्हणाले, "तुझी आई खाली उतरली आणि तिने ढकलली. मी नुसता आत बसलो होतो."