ताईचं बाळ
ताईचं बाळ धाकटीच्या पोटात पाच महिन्यांचं झालं होतं. ताईची तीन बाळं जन्माआधीच गेली, तेव्हा धाकटीच आपणहून म्हणाली, "पुढचं माझ्या पोटात वाढू दे." बेटावरच्या सहलीत होडी प्रवाळांपाशी थांबली, धाकटीने मासे बघायला पोहण्याचा मास्क चढवला, तशी ताईने तिचा दंड धरला. "पाण्यात उतरायचं नाही." "अगं, डॉक्टरांनीच परवानगी दिलीय." "पोट तुझं असेल, बाळ माझं आहे!" पाच महिने ताईने दूध, गोळ्या, झोप, सगळं विचारलं. 'तुला कसं वाटतंय', एवढंच राहून गेलं. धाकटी दंड सोडवून शिडीवरून पाण्यात उतरली. मागोमाग धपकन आवाज झाला. गुडघाभर पाण्याला घाबरणारी ताई मास्क लावून, लाइफ जॅकेटमध्ये हातपाय मारत तिच्याकडे आली. धाकटीचा हात धरून तिनेही तोंड पाण्यात घातलं. ना मासे पाहिले, ना पोट. काचेआडून ती बहिणीच्या चेहऱ्याकडेच बघत राहिली.