बदलून मिळालेला लॅपटॉप

भाषांतरकार काकांचा लॅपटॉप चार ओळी लिहून होईतो डोळे मिटायचा, आणि तिकडे प्रकाशक रोज धमकावत होता, की काम दुसऱ्याला देऊन टाकतो. कंपनीला फोन लावला की तीच गोड आवाजाची बाई.

"सर, एकदा बंद करून चालू करून बघा."

"अहो बाई, बंद तो स्वतःच होतो! तेवढं एकच काम त्याला धड जमतं!"

"मग सर, नुसता चालू करून बघा."

खोटं वाटेल, पण काकांनी संतापाच्या भरात लॅपटॉपच्या कोपऱ्याला कडकडून चावा घेतला. काकू आतून ओरडल्या, "अहो, पुढचा एक दात आधीच पडलाय, उरलेले तरी सांभाळा!"

भांडून भांडून घसा बसला, तेव्हा कुठे कंपनी नमली. जुना लॅपटॉप घेऊन गेली आणि बदल्यात नवाकोरा पाठवला, सीलबंद खोक्यात, वर अभिनंदनाचं कार्ड. काकांनी प्रकाशकाला फोन करून "आठवड्यात पुस्तक हातात देतो!" असं ठणकावलं आणि लॅपटॉपवरचं पातळ प्लास्टिक सोललं.

 

कोपऱ्यावर दातांचे व्रण होते, आणि मधल्या एका दाताची जागा रिकामी होती.